ट्राम गेली म्हणून मुंबईत बस आली, हे खरं नाही

आपल्या बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपवर एक मेसेज कायम फिरत असतो, की मुंबईत आधी नुसती ट्राम होती, १९६४ ला ती बंद झाली आणि मग तिच्या जागी बस सुरू झाली. ऐकायला पटतं की हो, कारण शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ लाच धावली, तेवढं बरोबर आहे.

पण मुंबईतली पहिली बस १५ जुलै १९२६ लाच सुटली होती, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. विजेची ट्राम १९०७ पासूनची, म्हणजे जवळजवळ ३८ वर्षं दोन्ही एकाच शहरात धावत होत्या, डबलडेकरसुद्धा १९३७ ला आली म्हणजे ट्राम असतानाच. एक आली की दुसरी गेली असं झालंच नाही, ट्रामचे मार्ग पुढं हळूहळू बंद होत गेले आणि तिथली माणसं बसनं जाऊ लागली, बहुतेक त्यामुळंच हा घोळ झाला असणार.

खात्री करायची तर १९५० च्या आसपासचे मुंबईचे जुने फोटो बघा, ट्राम आणि डबलडेकर एकाच फोटोत दिसतील. नाहीतर घरात त्या काळात मुंबईला राहिलेलं कोण आजोबा-आजी असतील तर त्यांना विचारा, मला तर हेच जास्त आवडतं.