दहा मिनिटांनी लॅपटॉप का दमतो?

मे महिन्यातली दुपार. अकोल्यात बाहेर ४४ अंश, आणि आमच्या वरच्या खोलीत, तापलेल्या स्लॅबखाली, ४०. भाचा त्याचा गेमिंग लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, हा खराब झाला वाटते. सुरुवातीला मस्त चालते, मग एकदम अडकते."

मी त्याला तिथेच गेम सुरू करायला सांगितलं आणि घड्याळ घेऊन शेजारी बसलो. सेकंदाला किती फ्रेम्स, म्हणजे किती चित्रं, पडताहेत तो आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसत होता. सुरुवातीला ९५ च्या आसपास, चार मिनिटांनी ८०. दहाव्या मिनिटाला ५० वर आला आणि मधूनच ३० ला टेकून परत वर जाऊ लागला. पंखे जीव तोडून फिरत होते. कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट ठेवलं तर लगेच उचलावं लागलं.

ती दहा मिनिटंच मला महत्त्वाची वाटली. गेमची चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्डच कमी ताकदीचं असतं तर गेम पहिल्या मिनिटापासून रखडला असता. आधी पळणारा आणि मग दमणारा लॅपटॉप बहुतेक वेळा उष्णतेने दमलेला असतो. गेमिंग लॅपटॉपमधून जास्तीत जास्त काम काढून घ्यायचं असेल तर आतली उष्णता बाहेर कशी जाते हे आधी समजून घ्यावं लागतं. सेटिंग्जचा नंबर त्यानंतर.

लॅपटॉप जेवढी वीज घेतो तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॉट उष्णता निघते. गेम खेळताना १५० ते २०० वॉट ओढणारा लॅपटॉप म्हणजे खोलीत आणखी दीड-दोन माणसं येऊन बसल्यासारखं आहे. एवढ्यावर काही बिघडत नाही. अडचण आहे ती जागेची. एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ४०६० या लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स चिपचं क्षेत्रफळ सुमारे १५९ चौरस मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढं. तिला ११५ वॉटपर्यंत वीज देता येते. याचा अर्थ दर चौरस सेंटिमीटरमधून ७० वॉटहून जास्त उष्णता. घरातली १००० वॉटची इस्त्री घ्या. तिचा तळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर धरला तर दर चौरस सेंटिमीटरला पाचच वॉट येतात. इस्त्रीच्या दहापटीहून जास्त दाटीने तापणारी वस्तू आपण मांडीवर घेऊन बसतो!

ही उष्णता तिथून हलवायचं काम तांब्याच्या चपट्या नळ्या करतात. त्यांना हीट पाइप म्हणतात. नळी भरीव तांब्याची असेल असं वाटतं, पण ती पोकळ असते. आतली हवा काढून टाकलेली असते आणि थोडंसं पाणी भरलेलं असतं. दाब इतका कमी असल्यामुळे ते पाणी शंभर अंशांच्या बरंच खालीच उकळतं. चिपकडच्या टोकाला त्याची वाफ होते, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत चिपकडे परत येते. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला ४.२ ज्यूल लागतात, पण त्याच एका ग्रॅमची वाफ करायला २३०० ज्यूलच्या आसपास. म्हणून थोडंसं पाणी एवढी उष्णता वाहून नेतं.

हे तत्त्व आपल्याला नवं नाही. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने, आणि कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवाही. माठातली वाफ हवेत निघून जाते. हीट पाइपमध्ये तेच पाणी वर्षानुवर्षं आतल्या आत फिरत राहतं. १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अशी नळी तयार केली, तेव्हा डोळ्यांपुढे अंतराळयानं होती. त्या कल्पनेची वंशज आज प्रत्येक गेमिंग लॅपटॉपमध्ये आहे. मला हे फार सुंदर वाटतं.

हीट पाइपच्या दुसऱ्या टोकाला पातळ पत्र्यांची दाट जाळी असते आणि पंखा तिच्यातून हवा ढकलतो. भाच्याच्या लॅपटॉपची खरी गोष्ट इथे होती. लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, मागचं झाकण उघडलं. पंख्याच्या पात्यांवर धूळ होतीच, पण ती किरकोळ. पंखा बाजूला केल्यावर पंखा आणि जाळी यांच्या मधल्या फटीत राखाडी रंगाची एक पट्टी दिसली. चिमट्याने ओढली तर अख्खी निघून आली, गोधडीच्या फाटक्या तुकड्यासारखी. धूळ, चादरीचे धागे, दोन-चार केस. हा पोरगा दोन वर्षं गादीवर लॅपटॉप ठेवून खेळत होता. पंखा पूर्ण वेगाने फिरत होता, आवाज करत होता, आणि हवा मात्र त्या गोधडीवर आपटून मागे फिरत होती. बाहेरून फुंकर मारून ही पट्टी निघत नाही, उलट आणखी घट्ट बसते. झाकण उघडूनच काढावी लागते. हवेच्या फवाऱ्याने साफ करत असाल तर पंखा काडीने अडवून धरा. फवाऱ्याने तो भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होऊ शकतं. (वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडण्याआधी तिच्या अटी वाचाव्यात.)

नंतर लॅपटॉपच्या मागच्या दोन पायांखाली पाण्याच्या बाटल्यांची झाकणं ठेवली. बहुतेक गेमिंग लॅपटॉप हवा खालून ओढतात, आणि खालची फट थोडी वाढली तरी पंख्याला श्वास घ्यायला जागा मिळते. महागडं कूलिंग पॅड घेण्याआधी ही दोन झाकणं वापरून बघावीत.

खोलीचं तापमान ही आपल्याकडची मोठी बाब आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. उष्णता वाहते ती तापमानातल्या फरकामुळे. समजा, चिपची मर्यादा ९५ अंश आहे. खोली २५ अंशांवर असेल तर चिपला ७० अंशांनी तापायची मुभा आहे. खोली ४० वर असेल तर फक्त ५५. पंखे तेच, नळ्या त्याच, पण बाहेर टाकता येणारी उष्णता सुमारे एक पंचमांशाने कमी झाली. थंड हवामानात तपासलेल्या लॅपटॉपचे आकडे वाचून आपण तो घेतो आणि मेमध्ये विदर्भात चालवतो, तेव्हा तेच आकडे मिळणार नाहीत. कूलर चालू असेल तर खोली उतरते आणि फायदा होतोच. फक्त कूलरचा झोत थेट लॅपटॉपवर घेऊ नये, त्यात पाण्याचे तुषार असतात.

आता सेटिंग्ज. चिप तापली की ती स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. याला थ्रॉटलिंग म्हणतात. बऱ्याच लॅपटॉपच्या प्रोसेसरना, म्हणजे मुख्य चिपना, ही मर्यादा ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान असते. चिपला लागणारी वीज ढोबळमानाने वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, म्हणून शेवटचा थोडासा वेग सगळ्यात महाग पडतो. उलट बाजूने पाहिलं तर व्होल्टेज १.१ व्होल्टवरून १.० वर आणलं, वेग तोच ठेवला, तरी ही वीज सुमारे १७ टक्क्यांनी वाचते. वेगाची ही महागाई सगळ्या उद्योगालाच भोवली आहे. चिपचे भाग लहान होत जातील तसं व्होल्टेजही उतरेल आणि वेग वाढूनही उष्णतेची दाटी तेवढीच राहील, हा रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलेला हिशोब २००५ च्या सुमाराला चालेनासा झाला. २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झ वेगाचा पेंटियम ४ प्रोसेसर आणायचा बेत रद्द केला, आणि त्यानंतर भर एकाच चिपमध्ये जास्त कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, बसवण्यावर आला.

आपल्याला यातून करता येण्यासारखी गोष्ट अशी. अनेक गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांच्या हीट पाइप सामाईक असतात. गेममध्ये बहुतेक वेळा जास्त काम ग्राफिक्स चिपला असतं, पण प्रोसेसर आपल्या स्वभावानुसार जमेल तेवढा वर पळत राहतो आणि नळीतली जागा स्वतःच्या उष्णतेने भरून टाकतो. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' असं एक सेटिंग असतं. ते १०० वरून ९९ केलं की प्रोसेसरचा टर्बो बंद होतो, म्हणजे वरची ती महाग धाव थांबते. काही लॅपटॉपमध्ये हे सेटिंग लपवलेलं असतं. आकडा एकानेच बदलतो, पण भाच्याच्या लॅपटॉपवर प्रोसेसर १४ अंशांनी उतरला आणि गेमच्या फ्रेम्स वाढल्या! त्याचा विश्वास बसेना. "स्लो केला तर फास्ट कसा झाला?" असं त्याने तीनदा विचारलं. ज्या गेममध्ये प्रोसेसरवरच भार असतो, उदाहरणार्थ शेकडो सैनिक एकाच वेळी हलवणारे गेम, तिथे मात्र या उपायाने तोटा होऊ शकतो. म्हणून करून, मोजून, मगच ठेवावं.

फ्रेम्सना मर्यादा घालणं, म्हणजे सेकंदाला ठरवलेल्या आकड्यापेक्षा जास्त फ्रेम्स काढू न देणं, हा माझा सगळ्यात आवडता उपाय. ९५ वरून ५० आणि ५० वरून ३० अशा उड्या मारणाऱ्या गेमपेक्षा सलग ७५ वर चालणारा गेम हाताला कितीतरी चांगला लागतो. ६० फ्रेम्सना प्रत्येक चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० ला ३३. डोळ्यांना आणि बोटांना खुपतो तो या दोन्हींमधला अचानक बदल. शिवाय काही गेमच्या नुसत्या मेनूवर, जिथे काहीच हलत नाही, चिप सेकंदाला शेकडो फ्रेम्स काढत बसते. ती सगळी वीज वाया.

चार्जरबद्दल थोडं. गेम बॅटरीवर खेळू नये. विमानात परवानगीशिवाय नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॉट-तासांची असल्यामुळे लॅपटॉपमधल्या बॅटऱ्या साधारण त्याच्या आतच असतात, आणि बॅटरीवर असताना लॅपटॉप चिपची वीज खूप खाली आणतो. लॅपटॉपसोबत आलेला मोठा चार्जरच लावावा. मोबाइलच्या टाइप-सी चार्जरवर तो चालू राहील, पण पूर्ण ताकदीने पळणार नाही. कायम चार्जरवर असणाऱ्या लॅपटॉपची बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करा. पूर्ण भरलेली आणि तापलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते.

नवा घेणाऱ्यांनी कार्डाच्या नावावर जाऊ नये. आरटीएक्स ४०६० हेच नाव ३५ वॉटच्या लॅपटॉपवरही असू शकतं आणि ११५ वॉटच्याही. वॉट विचारा. रॅमची (चालू कामाची माहिती ठेवणाऱ्या मेमरीची) एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी टाकल्याने चिपला माहिती दोन वाटांनी मिळते आणि काही गेममध्ये फरक स्पष्ट जाणवतो.

चिप आणि तांबं यांच्यामधली, उष्णता पलीकडे पोचवणारी पेस्ट दोन-तीन वर्षांत कोरडी पडू शकते. ती बदलायचं काम मी अजूनही दुरुस्तीवाल्याकडेच देतो. काही लॅपटॉपमध्ये पेस्टऐवजी गॅलियमचा द्रव धातू असतो. त्याचा एक थेंब सर्किटवर सांडला तर शॉर्ट होतं, आणि अ‍ॅल्युमिनियमला लागला तर ते खाल्लं जातं. घरी हात घालायची ती जागा नाही.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत धूळ निघाली होती, मागे झाकणं होती, प्रोसेसर ९९ वर, फ्रेम्स ७५ वर बांधलेल्या, पंखा पूर्ण वेगावर. त्याच तापलेल्या खोलीत अर्धा तास खेळून आकडा ७५ वरून हलला नाही. ग्राफिक्स चिप ८४ अंशांवर थांबली. जूनच्या शेवटी दोन पाऊस पडून गेल्यावर भाच्याचा फोन आला. सेटिंग काहीही बदललेलं नव्हतं, पंखा तसाच, गेम तोच, फक्त खोली ३० वर आली होती. चिप ७४ दाखवत होती.