चर्चमधून मतांचा आदेश निघतो का? खुलासा

निवडणूक आली की नाशिकमध्ये, विशेषतः शरणपूर आणि नाशिकरोडच्या गप्पांत, एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'रविवारी चर्चमध्ये सांगतात, सोमवारी सगळे तिथंच मत देतात.' हे खरं नाही.

कॅथलिक चर्चच्या धर्मसंहितेतला नियम २८७ धर्मगुरूंना राजकीय पक्षात सक्रिय भाग घेण्यास मनाई करतो. अपवाद फार थोडे. भक्तांवर मात्र पक्षाचं बंधन नाही. गरिबांची सेवा आणि गर्भातल्या जिवाचं रक्षण ही दोन्ही मूल्यं एकाच श्रद्धेतून येतात, पण एकच पक्ष दोन्हींना सारखं वजन देईल असं नसतं. मग एकाच बाकावर बसणारे दोघं वेगळी बटणं दाबतात, आणि त्यात कुणाचीच श्रद्धा कमी ठरत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ नुसार उमेदवाराच्या संमतीनं 'देवाचा कोप होईल' अशी भीती घालणं हा भ्रष्ट आचार. सिद्ध झाल्यास निवडणूक रद्द होऊ शकते. धार्मिक संस्थांचा दुरुपयोग रोखणाऱ्या १९८८ च्या कायद्यानं तर कुठल्याही धर्मस्थळाच्या आवारात राजकीय प्रचाराला बंदी आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. देऊळ, मशीद, चर्च, सगळ्यांना तोच नियम.

लोकसभा-विधानसभेच्या आचारसंहितेत असा प्रचार दिसला तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या ॲपमधूनच फोटो किंवा व्हिडिओ काढा. व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप तिथं चढवता येत नाही.