ऑर्का पाहावा तो काठावरून

ऑगस्ट २०२५ मध्ये एका सागरी उद्यानात तरुण प्रशिक्षिकेला ऑर्काने (‘किलर व्हेल’ने) प्रेक्षकांसमोर ठार केल्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर झपाट्याने पसरली आणि नाशिकमधील निसर्गप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांवरही ती हळहळीच्या संदेशांसह फिरत राहिली. ती प्रशिक्षिका, ते उद्यान आणि ती घटना यांपैकी काहीही खरे नव्हते. संगणकाकडून रचून घेतलेली ती बनावट चित्रफीत होती. बंदिवासातील ऑर्कांमुळे माणसांचे प्राण गेल्याच्या चार घटना नोंदल्या गेल्या आहेत, परंतु मोकळ्या समुद्रातील ऑर्काने माणसाला मारल्याची एकही खात्रीलायक नोंद नाही. स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ २०२० पासून काही ऑर्का शिडाच्या नौकांची सुकाणू मोडतात, तर त्यालाही ‘माणसावरचा सूड’ म्हटले गेले. ज्या प्राण्याच्या मनातले आपल्याला कळत नाही त्याच्या माथी सूड मारणे ही नाग डूख धरतो या समजुतीचीच नवी आवृत्ती आहे, आणि तिला पुरावाही तितकाच आहे.

ऑर्का हा डॉल्फिनच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी आहे. पूर्ण वाढलेल्या नराची लांबी आठ मीटरपर्यंत भरते आणि त्याच्या पाठीवरचा सरळ उभा पर १.८ मीटरपर्यंत उंच असतो. मादीचा पर आखूड आणि मागे वळलेला असतो. त्याला पाहायचे म्हणजे बोटीतूनच गेले पाहिजे, असे सर्रास मानले जाते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सॅन हुआन बेटावर, लाइम किल्न पॉइंट येथे, हा समज उभ्या उभ्या दूर होतो. येथे समुद्रतळ किनाऱ्यालगतच कड्यासारखा खोल उतरतो. फ्रेझर नदीकडे परतणारे चिनूक सामन मासे उन्हाळ्यात या खडकांच्या कडेने जातात आणि त्यांच्या मागावरचे ऑर्का कधी कधी काठापासून अवघ्या काही मीटरवरून जातात. सिॲटलला मुलांकडे जाणाऱ्या नाशिककरांना ॲनाकोर्टेसहून फेरीबोटीने या बेटावर पोहोचता येते, आणि नांदूर मध्यमेश्वरच्या मनोऱ्यावर वापरलेली दुर्बीण तेथेही पुरते. आधी श्वासाचा मोठा फुत्कार ऐकू येतो, मग तुषारांचा झोत आणि त्याखाली पर दिसतो. पराच्या कडेवरील खाचा आणि त्याच्या मागचा राखाडी डाग प्रत्येक प्राण्यात वेगळा असतो. १९७० च्या दशकात कॅनडातील जीवशास्त्रज्ञ मायकेल बिग यांनी छायाचित्रांवरून हे दाखवून दिले, आणि तेव्हापासून येथील एकेका ऑर्काची ओळख ठेवली जाते.

काठावरून दिसते ते एवढेच. ऑर्काचे खरे काम पाण्याखाली, ध्वनीच्या साह्याने चालते, आणि ते समजून घेतल्याशिवाय काठावर उभे राहण्याचे महत्त्व कळत नाही. त्याच्या श्वासरंध्राखालील नासिकामार्गात ओठांसारख्या मांसल पट्ट्या असतात. त्यांतून हवा दाबाने सरकली की त्या एकमेकींवर आपटून अत्यंत आखूड अशी टिकटिक निर्माण होते. कपाळातील मेदाच्या गाभ्यात ध्वनीचा वेग कमी आणि कडेला जास्त असल्यामुळे लहरी आतल्या बाजूला वळतात आणि समोरच्या दिशेने एकवटून बाहेर पडतात. परतणारा प्रतिध्वनी खालच्या जबड्यातील मेदातून कानापर्यंत पोहोचतो. या टिकटिकीची कंप्रता ५० हजार हर्ट्झच्या आसपास असते, आणि समुद्रात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, म्हणजे तरंगलांबी केवळ तीन सेंटिमीटर भरते. एवढ्या आखूड लहरीमुळे सामनसारखा मासा स्पष्ट ‘दिसतो’. उलट सामनला केवळ काहीशे हर्ट्झपर्यंतचेच आवाज ऐकू येत असल्याने आपला शोध चालू आहे याचा त्याला पत्ताही लागत नाही.

पण प्रतिध्वनी येतो कशावरून? पदार्थाची घनता आणि त्यातील ध्वनीचा वेग यांच्या गुणाकाराला ध्वनिक अवरोध म्हणतात. दोन पदार्थांच्या अवरोधात जितकी तफावत, तितका त्यांच्या सीमेवरून ध्वनी अधिक परततो. माशाचे मांस आणि समुद्राचे पाणी यांचे अवरोध जवळजवळ सारखे असल्याने मांसावरून फारसे काही परतत नाही. माशाच्या पोटातील हवेने भरलेला वाताशय मात्र वेगळा: पाण्याचा अवरोध हवेच्या साडेतीन हजार पटींहून अधिक असल्याने त्यावर आदळलेला बहुतेक ध्वनी मागे फिरतो. ऑर्का मासा शोधतो तो मुख्यतः त्याच्या पोटातील हवेवरून, आणि वाताशयाचा आकार प्रजातीगणिक बदलत असल्यामुळे प्रतिध्वनीचा घाटही बदलतो. मासा ७५ मीटरवर असेल तर उत्तर एक दशांश सेकंदात येते. ते आले की पुढची टिक सुटते, आणि अंतर घटत जाते तशी तबलजीने विलंबित लयीतून द्रुत लय गाठावी तशी टिकटिक दाटत जाऊन शेवटी तिची सलग घरघर होते.

आता बोटीकडे वळू. अंतर दुप्पट झाले की जाणाऱ्या ध्वनीची तीव्रता एक चतुर्थांश होते आणि परतणाऱ्याचीही एक चतुर्थांश होते, म्हणून प्रतिध्वनी सोळाव्या हिश्श्यावर येतो. हेच उलट वाचले तर पाण्यातील गोंगाटाची तीव्रता सोळा पट झाली की मासा सापडण्याचे अंतर निम्मे होते. बोटीखालच्या, वेगाने फिरणाऱ्या पंख्याभोवती बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि त्यांचा आवाज दहा हजार हर्ट्झच्याही वर, म्हणजे नेमका टिकटिकीच्या पट्ट्यात, चढतो. सामनवर जगणाऱ्या आणि आता ऐंशीहूनही कमी उरलेल्या, ‘दक्षिणेकडील निवासी’ नावाच्या येथील गटातील ऑर्कांना अमेरिकेने २००५ मध्ये संकटग्रस्त ठरवले. १ जानेवारी २०२५ पासून वॉशिंग्टन राज्यात नौकांना त्यांच्यापासून १,००० यार्ड, म्हणजे सुमारे ९१४ मीटर, दूर राहणे बंधनकारक झाले. काठावरच्या माणसाला हे बंधन नाही, आणि त्याची गरजही नाही, याचे कारण पुन्हा तोच अवरोध आहे: हवेतून पाण्याच्या पृष्ठभागावर सरळ पडलेल्या ध्वनीऊर्जेचा जेमतेम एक सहस्रांश भाग पाण्यात शिरतो. खडकावर कोणी मोठ्याने बोलले तरी खालच्या ऑर्काच्या शिकारीत त्याने काही बिघडत नाही.

सील खाणारे ऑर्काही याच पाण्यात येतात आणि अलीकडे तेच अधिक वेळा दिसतात. सीलला पाण्याखाली चांगले ऐकू येत असल्याने हे ऑर्का शिकारीच्या वेळी जवळजवळ मूक राहतात आणि भक्ष्याचेच आवाज टिपतात. गोंगाटाचा अडथळा त्यांनाही होतोच.

भारताच्या समुद्रात ऑर्का क्वचितच दिसतात. आपल्या कोकणातील कुबडवाले डॉल्फिन मात्र किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातच राहतात आणि याच तंत्राने मासे शोधतात. दापोलीजवळ मुरूड-कर्दे येथे ते दाखवण्यासाठी इंजिनाच्या बोटी एकाच कळपाला चहूबाजूंनी घेरतात, हे मला मुळीच मान्य नाही. हिवाळ्यात समुद्र शांत असताना, वारा उठण्याआधीच्या सकाळी, पुळणीवरून किंवा जवळच्या टेकाडावरून साध्या दुर्बिणीनेही त्यांचे पर आणि पाठीवरचा उंचवटा ओळखता येतो.