पिवळी किटली

फॉर्म्युला वनच्या नियमांत 1966 पासून एक मुभा होती. इंजिन बाहेरची हवा स्वतःच ओढून घेणारे असेल तर त्याची क्षमता 3 लिटरपर्यंत चालेल. पण हवा दाबून भरायची असेल, तर क्षमता 1.5 लिटरच्या वर जाता कामा नये. निम्म्या आकाराच्या इंजिनाचा हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटल्यामुळे अकरा वर्षे त्या वाटेला कोणी गेले नाही. अखेर जुलै 1977 मध्ये फ्रान्सच्या रेनॉ कंपनीने सिल्व्हरस्टोन येथील ब्रिटिश ग्रां प्रीमध्ये आरएस01 ही पिवळी गाडी उतरवली.

तिचे 1,492 घन सेंटिमीटरचे, सहा सिलिंडरांचे इंजिन बर्नार द्यूदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवले होते. त्यात हवा दाबून भरण्याचे काम टर्बोचार्जरकडे होते. टर्बोचार्जरमध्ये इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या झोताने एक छोटे पातेदार चक्र मिनिटाला लाखभर फेरे घेते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरांकडे ढकलते. हवा जास्त म्हणजे तिच्यासोबत जाळता येणारे इंधनही जास्त. मात्र सायकलच्या चाकात हवा भरताना पंप जसा तापतो, तशीच दाबलेली ही हवाही तापते. तापलेली हवा विरळ होते, शिवाय इंधन अवेळी पेटण्याचा धोका वाढतो. म्हणून तिला वाटेतच थंड करणारा इंटरकूलर बसवावा लागतो. 500 हून अधिक अश्वशक्तीसाठी उष्णतेशी अशी सततची झुंज होती.

सिल्व्हरस्टोनला ती झुंज फार टिकली नाही. चालक जाँ-पिएर जाबुई एकविसाव्या स्थानावरून निघाला आणि सोळा फेऱ्यांनंतर टर्बोने दगा दिला. पुढे ही गाडी वारंवार धुराचे लोट सोडत थांबू लागली, तेव्हा ब्रिटिश मंडळींनी तिचे नाव ‘पिवळी किटली’ ठेवले. टोपणनाव खवचट होते, पण अगदीच चुकीचे नव्हते!

दुसरी अडचण चालकाच्या पायाखाली होती. वळणापाशी ॲक्सिलरेटर सोडला की वायूंचा झोत मंदावतो आणि चक्राचा वेग उतरतो. पुन्हा पाय दाबल्यावर ते वेग घेईपर्यंत ताकद येत नाही आणि येते ती एकदम धक्क्याने. त्यामुळे जाबुईला वळण संपण्याची वाट न पाहता आधीच पाय दाबावा लागे. ऑक्टोबर 1978 मध्ये अमेरिकेतील वॉटकिन्स ग्लेनला चौथे स्थान मिळाले, तेव्हा कुठे या गाडीच्या खात्यावर पहिले गुण जमा झाले.

तिचा खरा दिवस उजाडला तो 1979 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील कायलामीला. हे मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे 1,500 मीटर उंचीवर असल्याने तिथली हवा विरळ आहे. 3 लिटरच्या इंजिनांना त्या हवेत निमूटपणे कमी ताकदीवर भागवावे लागले. टर्बोने मात्र विरळ हवाही दाबून भरली आणि ती तूट बरीचशी भरून काढली. शर्यतीआधीच्या पात्रता सत्रात जाबुईने सर्वांत वेगवान फेरी नोंदवून सुरुवातीचे पहिले स्थान पटकावले. प्रत्यक्ष शर्यतीत इंजिनाने पुन्हा मान टाकली, हा भाग वेगळा.

पहिला विजय आरएस01 च्या नशिबी नव्हता. नव्या आरएस10 मध्ये एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान टर्बो बसवले गेले. हलकी चक्रे लवकर वेग घेत असल्याने ताकद येण्यातला उशीर घटला. 1 जुलै 1979 रोजी फ्रान्समध्येच, दिजोंला, जाबुईने शर्यत जिंकली. टर्बो इंजिनाचा ग्रां प्रीमधला हा पहिला विजय. पण त्या दिवसाच्या आठवणी निघाल्या की लोक आजही बोलतात ते दुसऱ्या स्थानासाठी चाकाला चाक घासत लढलेल्या जिल व्हिलनव्ह आणि रेने आर्नू यांच्याबद्दलच.