बॉर्डर कॉली

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवरच्या डोंगराळ मुलखात मेंढ्या वळण्यासाठी घडवलेली कुत्र्यांची जात. नराची खांद्यापर्यंतची उंची साधारण 53 सेंमी असते, मादी थोडी ठेंगणी. वजन 14 ते 20 किलो, आयुष्य 12 ते 15 वर्षे. काळा-पांढरा रंग सर्वांच्या परिचयाचा. पण तपकिरी, निळसर करडा, तिरंगी आणि मर्ल, म्हणजे फिकट अंगावर गडद डागांचा, असे रंगही आढळतात. लांब निमुळत्या नाकाची आणि मानेभोवती आयाळ असलेली रफ कॉली ही वेगळी जात. नावामुळे दोन्हींची गल्लत होते.

या जातीची ख्याती हुशारीची आहे आणि ती खोटी नाही. अमेरिकेतल्या वॉफर्ड कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक जॉन पिली यांच्या चेसर या कुत्रीला 1,022 खेळण्यांची नावे ओळखता येत होती. त्यावरचा शोधनिबंध 2011 मध्ये छापून आला. मात्र घरात हे कुत्रे जड जाते ते बुद्धीमुळे नव्हे, तर नजरेमुळे. जे हलते त्याच्याकडे बघायचे आणि त्याला थांबवायचे किंवा वळवायचे, हे त्याच्या रक्तात आहे. मेंढ्या नसल्या तर मुले, दुचाक्या, पंख्याची सावली, काहीही चालते.

आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींची वंशावळ ओल्ड हेम्प या कुत्र्यापाशी पोहोचते. उत्तर इंग्लंडातल्या नॉर्थम्बरलंडमधल्या अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे तो 1893 मध्ये जन्मला. त्या काळची कुत्री भुंकून, अंगावर जाऊन मेंढ्या हाकत. हेम्प मात्र न भुंकता, नुसता रोखून बघत कळप हलवी. ही रीत मेंढपाळांना इतकी पटली की त्याला दोनशेहून अधिक पिल्ले झाली. तो 1901 मध्ये मेला. ब्रिटनमधल्या मेंढ्या वळण्याच्या स्पर्धा त्याआधीच, 1873 मध्ये वेल्समधल्या बाला येथे सुरू झाल्या होत्या. इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी 1906 मध्ये स्थापन झाली. ब्रिटनच्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली ती 1976 मध्ये. तोवर रूपापेक्षा कामच बघून जोड्या लावल्या गेल्या, म्हणून या जातीत एकाच आईची पिल्लेही दिसायला बरीच वेगळी निघतात.

कुत्र्याचे काम म्हणजे शिकारच, मधेच मोडता घालून वापरलेली. लांडगा भक्ष्य हेरतो, दबा धरतो, पाठलाग करतो, पकडतो आणि मारतो. बॉर्डर कॉलीत पहिले तीन टप्पे निवडीने तीव्र केलेले आहेत आणि शेवटचे दोन दाबलेले. डोके खाली, खांदे वर आलेले, शेपूट पायांत, एक पुढचा पाय हवेत गोठलेला : या पवित्र्यातून रोखलेल्या नजरेला मेंढपाळ ‘डोळा’ म्हणतात. कुत्रे मोठा वळसा घालून कळपाच्या पलीकडे जाते आणि मालकाच्या बरोबर समोर उभे राहते. मालक घड्याळातल्या सहावर असेल तर कुत्रे बारावर. त्याला डावीकडून वळसा घ्यायला ‘कम-बाय’, उजवीकडून ‘अवे’, थांबायला ‘लाय डाउन’ आणि काम सोडून परत यायला ‘दॅटल डू’ असे हुकूम देतात. लांबवर हेच शिट्टीने सांगतात.

आपल्याकडच्या धनगरांच्या वाड्यावरची कुत्री या जातकुळीतली नव्हेत. त्यांचे काम राखणीचे, रात्री लांडग्याला अंगावर घेण्याचे. मेंढरे हाकतो तो माणूसच. त्यामुळे ‘मेंढरांचे कुत्रे म्हणजे राखणदार’ अशा समजुतीने बॉर्डर कॉली आणली तर फसगत होते.

घरात हा स्वभाव असा दिसतो : मूल धावले की कुत्रे वळसा घालून त्याच्या आडवे येते, न थांबल्यास टाचेला दात लावते. त्यात राग नसतो, पण मुलाला लागते आणि मूल किंचाळून अजून जोरात पळते, म्हणजे कुत्र्याच्या दृष्टीने डाव रंगतो. तेव्हा ओरडून उपयोग नाही. पाठलाग सुरू झाल्यावर हाक त्याच्या कानापर्यंत पोहोचतच नाही. जे करायचे ते पवित्रा घेण्याआधी. रस्त्यावरच्या दुचाक्यांची सवय करायची तर सुरुवात चाळीस-पन्नास फुटांवरून, पट्टा सैल धरून करावी. कान पुढे येऊन मान खाली जाऊ लागली की लगेच नावाने हाक मारावी आणि मान वळताच खाऊ द्यावा. अंग ताठ झाले असेल तर हाक देण्याची वेळ गेली. अंतर वाढवून पुन्हा सुरू करावे. अंतर फारच सावकाश कमी करायचे असते. रस्त्याच्या कडेला उभे करून ‘सवय होईल’ म्हणणाऱ्यांची कुत्री पट्टा तोडतात.

दुसरी नेहमीची चूक व्यायामाची. ‘दमवा म्हणजे शांत होईल’ हा सल्ला इथे उलटतो. रोज पन्नास वेळा चेंडू फेकला तर महिन्याभरात चेंडूसाठी वेडे झालेले आणि दम न लागणारे कुत्रे तयार होते. प्रौढ कुत्र्याला दिवसाला दीड-दोन तास पुरतात. त्यातला मोठा भाग हुंगत चालण्याचा असावा, दहा-पंधरा मिनिटे लपवलेली वस्तू शोधण्याची आणि उरलेला वेळ काहीही न करण्याच्या शिकवणीचा. हे शेवटचे खरोखर शिकवावे लागते. चटई अंथरावी, कुत्रे तिच्यावर टेकले की दर काही सेकंदांनी खाऊचा एक दाणा पंजांमध्ये ठेवावा आणि दोन-तीन मिनिटांत संपवावे. पुढे दाण्यांमधले अंतर वाढवत वीस मिनिटांपर्यंत न्यावे. संपल्याचा एकच शब्द ठरवावा, ‘झालं’ म्हणा हवे तर, आणि घरातल्या सर्वांनी तोच वापरावा. लेझरचा लाल ठिपका मात्र कधीच खेळवू नये. तो पकडता येत नाही आणि कुत्रे नंतर भिंतीवरची उन्हाची तिरीप, भांड्याची चमक यांच्या मागे तासन्‌तास लागते; ही सवय लागली की उपचार करावे लागतात.

अंगावर दुहेरी केस असतात : वर लांब, आत मऊ लव. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात हे केस भादरून टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण वरचे केस उन्हापासून त्वचेचे रक्षण करतात आणि भादरल्यावर नीट उगवतीलच असे नाही. त्याऐवजी आतली लव विंचरून काढावी, विशेषतः कानामागे आणि मागच्या मांड्यांच्या झालरीत, जिथे गाठी होतात. पावसाळ्यात ही लव दिवसभर ओली राहिली की त्वचेवर चिघळणारे चट्टे पडतात. फिरणे सूर्योदयापूर्वी आणि अंधार पडल्यावर. ही जात काम थांबवत नाही, म्हणून उष्माघाताचा धोका मोठा. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबणे, लाळ घट्ट होणे, पाय अडखळणे दिसताच थांबवून सावलीत न्यावे, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा आणि मग दवाखाना गाठावा. काही कुत्र्यांना पाच-पंधरा मिनिटांच्या जोरकस पळण्यानंतर झोकांड्या जातात, ती थोड्या वेळाने सावरतात. हा या जातीत आढळणारा वेगळा विकार आहे, पण दोन्ही दिसायला सारखे असल्याने उष्माघात समजूनच उपाय करावा.

आयव्हरमेक्टिन या परजीवी मारणाऱ्या औषधाबाबत सावधगिरी हवी. कॉली कुळातल्या काही कुत्र्यांत एमडीआर 1 या जनुकात बिघाड असतो आणि जास्त मात्रेत औषध मेंदूत उतरून डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारणे, झोकांड्या, बेशुद्धी असे होते. रफ कॉलीत हे फार, बॉर्डर कॉलीत कमी. तरी गोचिडांवर गुरांसाठीचे हेच इंजेक्शन अंदाजाने टोचून घेण्याची जी पद्धत आहे, ती इथे जिवावर बेतू शकते. जनुकीय तपासणी गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर होते.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आणू नये आणि आईला पाहिल्याशिवाय तर नाहीच. आई-बापांच्या नितंबांच्या सांध्यांचा एक्स-रे, डोळ्यांची तपासणी आणि सीएल (सेरॉइड लिपोफ्युसिनोसिस) या आनुवंशिक मज्जाविकाराचा अहवाल मागावा. सीएलची लक्षणे साधारण वर्ष-दोन वर्षांनी दिसतात आणि त्यावर उपचार नाही; आईबाप दोघे वाहक, म्हणजे स्वतः निरोगी पण विकाराचा जनुक बाळगणारे, असतील तर प्रत्येक पिल्लाला तो होण्याची शक्यता चारात एक. मर्ल नर आणि मर्ल मादी यांची जोडी लावलेली असेल तर रंग कितीही देखणा असो, ती पिल्ले घेऊ नयेत : त्यांतल्या साधारण चौथ्या हिश्श्यात मर्लचा जनुक दोन्हीकडून येतो आणि अशी पिल्ले पुष्कळदा बहिरी किंवा आंधळी निघतात. वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे 12 ते 15 महिने, उंच उड्या आणि जिन्यावरची धावपळ टाळावी. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, तिथे जाड सतरंजी अंथरावी.