पेटती पाने, न पेटणारे खोड

मेलालुका क्विनक्वेनर्व्हियाच्या खोडावर बोट दाबले की ते किंचित आत जाते. साल मऊ, पांढुरकी, पापुद्र्यांवर पापुद्रे चढलेली. एक सोलावा, तर खाली तसाच दुसरा, कागदासारखा अलगद सुटणारा. ऑस्ट्रेलियाचे आदिवासी या सालीने झोपड्या शाकारत, तिच्यात अन्न गुंडाळून भाजत. पूर्व ऑस्ट्रेलियाची किनारपट्टी, न्यू कॅलेडोनिया आणि पापुआ न्यू गिनी इथल्या दलदली हे या झाडाचे मूळ घर.

पान चुरगाळले की नीलगिरीची आठवण होते, आणि ते साहजिकच आहे. दोन्ही झाडे एकाच मिर्टेसी कुळातली. लवंग आणि जांभूळही त्यातलेच. पान उजेडासमोर धरा: बारीक ठिपके दिसतील. त्या तैलग्रंथी. याच पानांपासून औषधी नियाउली तेल काढतात.

तेलामुळे पाने भडकन पेटतात. मग हे झाड वणव्यातून वाचते कसे? मला या झाडाचे सर्वांत जास्त अप्रूप वाटते ते इथे. आगीचा लोळ शेंड्यातून निघून जातो, बाहेरचे पापुद्रे जळतात, पण सालीचे आतले ओलसर थर खोडाच्या जिवंत भागापर्यंत आच पोहोचू देत नाहीत. सालीखाली दडलेले डोळे लवकरच फुटतात आणि खोडभर हिरवे कोंब येतात.

बियांची तजवीज तर त्याहून पक्की. पांढऱ्या पुंकेसरांनी भरलेला तुरा बाटली घासायच्या ब्रशसारखा दिसतो. फुले गळाली तरी तुऱ्याचे टोक वाढतच राहते, त्याला नवी पाने येतात आणि मागे फांदीला चिकटलेली कठीण बोंडे उरतात. ती वर्षानुवर्षे मिटलेली असतात. एकेका बोंडात शेकडो बारीक बिया असतात. आगीने फांदी वाळली की बोंडे उघडतात आणि बिया गवत जळून मोकळ्या झालेल्या राखेवर पडतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात हे झाड अमेरिकेतल्या फ्लोरिडात लावले गेले. तिथे त्याला खाणारे कीटक नव्हते, वणवे मात्र होते. एव्हरग्लेड्सच्या पाणथळ गवताळ प्रदेशात त्याची दाट राने माजली आणि तिथल्या मूळ वनस्पती हटत गेल्या. नुसते तोडून भागत नाही, कारण तोडलेले झाडही वाळताना बिया सोडते. अखेर 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेला, कोवळी पाने खाणारा ऑक्सिऑप्स व्हिटिओसा हा सोंडकिडा तिथे सोडण्यात आला. त्याची अळी पानातले तेल पचवून टाकत नाही. त्याचाच चिकट लेप अंगावर बाळगते आणि त्या वासाने मुंग्या तिच्यापासून दूर राहतात.