गाडी गेली की नेली? चाकोरीतल्या वादाची पार्श्वभूमी

सातारा-सांगलीकडच्या बैलगाडी शर्यतींच्या मैदानांत निकालावरून वाद पेटला की तो बहुतेक वेळा एका क्रियापदावर येऊन अडतो. गाडी शेजारच्या चाकोरीत, म्हणजे शेजारच्या गाडीच्या पळण्याच्या पट्ट्यात, गेली, की गाडीवानाने नेली? चाकं कुठून कुठे गेली हे मातीवर उमटलेलंच असतं, त्यावर कुणी भांडत नाही. भांडण असतं ते कासरा, म्हणजे बैल आवरायची दोरी, धरलेल्या हातांवरून.

गेल्या हंगामात माणदेशातल्या एका मैदानात हे मी अगदी जवळून पाहिलं. सेमीफायनलच्या फेरीत तीन नंबरच्या चाकोरीतली गाडी निम्मं अंतर तोडल्यावर डावीकडे सरकली, दोन नंबरच्या गाडीचा उजवा बैल बिचकला आणि ती जोडी मागे पडली. पंचांनी तीन नंबरची गाडी बाद केली. लगोलग स्पीकरवरून, गाडीवानाने मुद्दाम गाडी दाबली, असंही जाहीर झालं. तो गाडीवान माझ्या ओळखीचा, एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा. संध्याकाळी छकडी, म्हणजे शर्यतीची हलकी गाडी, टेम्पोत चढवून झाल्यावर त्याने कुणीतरी समोरून काढलेला व्हिडिओ मला मोबाईलवर दाखवला, जागोजागी थांबवत. त्यात त्याचा उजवा हात कोपरापासून मागे गेलेला दिसत होता. उजवा कासरा तारेसारखा ताठ, डावा सैल पडलेला. म्हणजे पोरगा गाडी उजवीकडे ओढत होता, आपल्या चाकोरीत परत आणत होता. उजवा बैल पैऱ्यावर, म्हणजे जोडी जमवायला दुसऱ्या मालकाकडून, आणलेला, त्या जोडीत पहिल्यांदाच जुंपलेला, आणि तो डाव्याला सोडून पुढे पळत होता. एका बाजूचा बैल जादा ओढू लागला की गाडी दुसऱ्या बाजूला वळणार, हे औत धरलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

"दादा, गाडी बाद केली त्यात काय न्हाय," तो म्हणाला. "पर 'मुद्दाम' म्हणाले स्पीकरवर, ते नको हुतं."

त्याच्या या दोन वाक्यांत दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण ते कायम एकात कालवतो. गाडीचा नंबर धरायचा की नाही, हा एक. गाडीवान चुकला का आणि चुकला तर किती, हा दुसरा. आपल्याकडे ही फारकत झाली नाही, याची कारणं शर्यतीच्या गेल्या काही दशकांच्या इतिहासात सापडतात.

माण, खटाव, आटपाडी, जत हा खिल्लार जनावरांचा मुलूख. कमी पाण्यावर जगणारं, अंगाने काटक आणि पायाने चपळ जनावर. खरसुंडीची सिद्धनाथाची यात्रा असो की पुसेगावची सेवागिरी महाराजांची, यात्रेत जनावरांचा बाजार भरतो. पळणारा खोंड सगळ्या पंचक्रोशीने डोळ्यांनी पाहिला की त्याचा भाव वाढतो, त्यामुळे शर्यत आणि बाजार एकमेकांना धरून राहिले. अशा ठिकाणचा जुना पंच म्हणजे गावातला जाणता माणूस. त्याने आयुष्यभर बैल राखलेले असत. जनावर कशाने बुजलं आणि कशाने वळलं, हे त्याला मैदानाच्या कडेला उभं राहून कळायचं. निकाल तोंडी असायचा आणि बक्षीसही बेताचं असायचं, त्यामुळे त्याचा शब्द चालून जायचा. हा काळ मी उगाच गोड करून सांगत नाही. त्या वेळीही भावकीचे निकाल लागत, हाणामाऱ्या होत. पण पंचाला बैल कळतो यावर लोकांचा विश्वास होता, आणि कागदावर काही लिहावं अशी गरज कुणाला वाटली नाही.

पुढे गोष्ट कोर्टात गेली. 11 जुलै 2011 रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने, 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या कलम 22 खाली, ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. 7 मे 2014 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतींवरही बंदी शिक्कामोर्तब केली. शेपट्या पिरगाळणं, चावणं, टोचणं, मारणं यांची जी वर्णनं त्या निकालात आहेत, ती आपल्या मैदानांत कधी झालीच नाहीत असं छातीवर हात ठेवून कुणाला म्हणता येणार नाही. 7 जानेवारी 2016 ला केंद्राने अधिसूचना काढून सूट दिली, ती पाच दिवसांतच स्थगित झाली. 2017 मध्ये महाराष्ट्राने स्वतःची कायदादुरुस्ती केली, तीही मुंबई उच्च न्यायालयात अडकली. ऑगस्ट 2021 मध्ये आटपाडी तालुक्यातल्या झरे गावची शर्यत रोखण्यासाठी पोलीस बंदोबस्त लागला, धावपट्टी उकरून ठेवली गेली आणि तरी भल्या सकाळी दुसऱ्या जागी गाड्या पळाल्या. 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले.

जवळजवळ बारा वर्षं सगळं बळ एकाच प्रश्नावर खर्च झालं: शर्यत होणार की नाही. ती कशी न्यायाने चालवायची, हा विषय निघालाच नाही. आज लागू असलेले नियम वाचले की ते दिसतं. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अनामत रक्कम, पशुवैद्यकाची तपासणी, हजार मीटरची मर्यादा, काठी-चाबूक नाही, विजेचा धक्का नाही. कायदा मोडणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. हे सगळं बैलाच्या रक्षणासाठी आहे आणि ते तसंच असलं पाहिजे. पण एका गाडीवानाने दुसऱ्याची वाट अडवली तर ती चूक कशी ठरवायची, याबद्दल त्यात मार्गदर्शन नाही. ते काम शर्यत भरवणाऱ्या मंडळावर आणि पंचावर सोडलेलं आहे.

मला महत्त्वाची वाटते ती आणखी एक गोष्ट. चाबूक गेल्याने गाडीवानाची चूक ओळखण्याची खूणच बदलली. पूर्वी काठी कुठल्या बैलाला कधी बसली यावरून त्याचा इरादा कळायचा. आता त्याच्याकडे उरलंय काय, तर कासरा, स्वतःच्या अंगाचा तोल आणि आरोळी. म्हणून पंचाने बघायचे ते हात. धुरळ्यात, पळत्या गाडीवर, पन्नास हात अंतरावरून ते दिसत नाहीत.

हाच पेच घोड्यांच्या एका खेळाने फार आधी पाहिला. हार्नेस रेसिंगमध्ये घोड्याला सल्की नावाची दोन चाकांची हलकी गाडी जुंपतात, हाकणारा चाकांच्या मधोमध एकटा बसतो. मिरजेचा टांगा डोळ्यांसमोर आणा, त्याचं छत, पाट्या आणि निम्म्याहून जास्त वजन काढून टाका, म्हणजे अंदाज येईल. घोड्याने दुडकी चालीनेच किंवा एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकत पळायचं असतं. चौखूर उधळला की त्याला आवरून पुन्हा चालीवर आणावं लागतं आणि तोवर शर्यत हातची जाते. अमेरिकेत 1870 मध्ये या शर्यतींची देशपातळीवरची संघटना उभी राहिली. 1879 मध्ये मैलाला अडीच मिनिटं हा दर्जा ठरला आणि त्यावरून या घोड्यांना स्टँडर्डब्रेड हे नाव पडलं. 1892 च्या सुमारास सल्कीला सायकलसारखी हवेची चाकं आली आणि वेग वाढला. सुटण्याच्या वेळची झोंबाझोंबी मात्र चालूच होती. मग 1946 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या रूझवेल्ट रेसवेवर मोटारीला जोडलेलं पंखांसारखं फाटक आलं. घोडे त्याच्यामागे पळत येतात, रेषेवर फाटक मिटून मोटार पुढे निघून जाते. आपल्याकडे सुटताना बैल धरणारी पोरं वेसण जरा उशिरा सोडतात आणि तिथेच निम्मी भांडणं जन्मतात, हे आठवलं की त्या फाटकाची किंमत कळते.

या खेळात कुणी वाकडं घुसलं की धोका आपल्यापेक्षा जास्त. पुढच्या सल्कीच्या चाकाशेजारी मागच्या घोड्याचे पुढचे पाय पडत असतात. चाकाला खूर लागला तर टायर फुटतो, घोड्याची चाल तुटते, कधी घोडा आणि माणूस दोघंही कोसळतात. पाय आऱ्यांत अडकू नये म्हणून चाकांना सपाट तबकड्या बसवतात. इतकं पणाला लागलं असताना 'मुद्दाम केलं' आणि 'आपोआप झालं' एवढे दोनच कप्पे त्यांना पुरले नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या नियमावलीत नियम 168 खाली निष्काळजी, बेपर्वा, अकुशल, अनुचित असे हाकण्याचे दोष वेगवेगळे मोजले आहेत. न्यूझीलंडमध्येही बेपर्वाई आणि निष्काळजीपणा हे दोन वेगळे आरोप.

यातला निष्काळजीपणा हा सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात उपयोगाचा कप्पा. तिथे हाकणाऱ्याच्या मनात काय होतं हे शोधत बसत नाहीत. त्या जागी एखादा बऱ्यापैकी जाणकार हाकणारा असता तर त्याने काय केलं असतं, एवढंच विचारतात. आत वळण्याआधी त्याने मागच्या घोड्यापासून पुरतं अंतर मोकळं झालंय का पाहिलं होतं का? घोडा एका बाजूला ओढतोय हे कळल्यावर त्याने लगाम आवरला का, की फायदा होतोय म्हणून जाऊ दिला? म्हणजे अडथळा झाला एवढ्यावरून हाकणारा दोषी ठरत नाही. घोडा अचानक बुजला आणि त्याने ताबडतोब सावरायचा प्रयत्न केला, तर अडथळा खरा असूनही आरोप टिकत नाही. उलट, मनात काहीही वाईट नसताना नुसतं लक्ष नव्हतं, तरी दोष लागतो आणि दंड किंवा काही दिवसांची बंदी येते. कुणाला लबाड न म्हणता चुकलेला म्हणता येतं. आपल्या पंचाकडे हा शब्दच नाही, म्हणून तो 'मुद्दाम' म्हणून मोकळा होतो.

घोड्याच्या नंबराचा निर्णय तिथे निराळा चालतो. ज्याला अडथळा झाला तो एरवी पुढे राहिला असता का, हे बघून अडवणाऱ्याला त्याच्या मागे टाकतात. घोडा मागे गेला तरी हाकणारा निर्दोष असू शकतो. घोड्याचा नंबर टिकूनही हाकणाऱ्यावर कारवाई होऊ शकते. टेम्पोशेजारी उभा राहून तो पोरगा हेच म्हणत होता.

निवाडा कोण करतो, यात देशोदेशी फरक आहे. ऑस्ट्रेलियात मैदानावरचे स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीवर देखरेख करणारे अधिकारी, चौकशी करून स्वतःच निर्णय देतात, अपील वरच्या न्यायाधिकरणात जातं. न्यूझीलंडमध्ये स्टुअर्ड आरोप ठेवतो, निर्णय वेगळी न्यायसमिती देते. 2021 पासून ही व्यवस्था रेसिंग इंटिग्रिटी बोर्डाखाली आहे. हाकणारा आरोप मान्य करतो किंवा नाकारतो, दोन्ही बाजू चित्रफितीवर बोट ठेवून बोलतात आणि निर्णय कारणांसकट लिहिला जातो. मला दुसरी पद्धत जास्त पटते. ज्याने बोट दाखवलं त्यानेच तराजू धरायचा, हे गावच्या मैदानात तर अजिबात चालू नये, कारण तिथे प्रत्येकजण कुणाचा ना कुणाचा पाहुणा असतो.

चित्रफितीबद्दल एक साधी गोष्ट त्या लोकांना अनुभवाने कळली. बाजूने घेतलेलं चित्र फसवतं. पुढे कोण, मागे कोण हे त्यात उत्तम दिसतं, पण दोन गाड्यांमधलं आडवं अंतर चेपलं जातं आणि चार हात लांब असलेली गाडी घासून गेल्यासारखी वाटते. गाडी सरकली का, किती, आणि हाकणाऱ्याने कुठला हात ओढला, हे समोरून घेतलेल्या चित्रातच कळतं. म्हणून मोठ्या ट्रॅकवर एकच शर्यत समोरून, मागून आणि बाजूने पाहतात. आपल्याकडे ड्रोन आले, मोठे पडदे आले, हजारोंच्या मोबाईलवर थेट प्रक्षेपण आलं. पण ड्रोनला वरून फक्त वशिंडं आणि पाठी दिसतात, आणि कडेच्या मोबाईलला नेमकी ती फसवी बाजू.

बक्षिसांत ट्रॅक्टर आणि चारचाकी आल्यापासून ताण वाढलाय. पैऱ्याच्या बैलाचा मालक वेगळा, छकडीचा वेगळा, गाडीवान तिसऱ्याच गावचा. बाद झालेल्या गाडीचा हिशेब तिघांत होतो आणि दोष बहुधा सगळ्यात गरिबाच्या माथी बसतो. मुद्दाम दाबतो असं नाव एकदा झालं की पुढच्या मैदानाला त्याला गाडीवर बसवायला मालक कचरतात. त्या पोराला पुढची दोन मैदानं कुणी बोलावलं नाही.

या हंगामात मी पुन्हा त्याच मैदानाला गेलो होतो. शेवटच्या रेषेमागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर एक कॅमेरा चाकोऱ्यांकडे तोंड करून बांधलेला होता. मंडळातल्या एका शिक्षकाने आग्रह धरून तो बसवून घेतल्याचं कळलं. दुपारी एका गटात गाडी सरकली, तेव्हा पंच ट्रॉलीपाशी गेले आणि चित्र तीनदा मागे-पुढे करून पाहिलं. गाडी बाद झाली. स्पीकरवर या वेळी फक्त नंबर पुकारला, गाडीवानाबद्दल कुणी बोललं नाही. टेबलावरच्या वहीत मी डोकावलो. तिच्यात अजून तीनच रकाने आहेत: चाकोरी, मालकाचं नाव आणि निकाल.